डाव्या पायाचा अंगठा

शिराळा
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

सौ. क्रांतीवन्संना,

वहिनीचा नमस्कार. खरं तर वयानं मी मोठी, आशीर्वाद लिहायला पाहिजे. पण माझे आशीर्वाद तुम्हाला नको असतील म्हणून नमस्कारावर भागवते.

फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सॲपवर माझ्या मेसेजपुढं एकच राखाडी टिक राहते. त्याचा अर्थ मला कळतो, बी.ए. झालेय मी. म्हणून हे स्पीड पोस्ट. पोस्टातल्या माणसानं विचारलं, "लोणंदला कोण?" म्हटलं, नणंद. तर म्हणाला, "आवं ताई, मग फोन करायचा की." मी हसून पावती घेतली.

पंचमी झाली. लग्नानंतरची तुमची पहिली पंचमी, आणि तुम्ही माहेरी नव्हता. सगळ्यांना वाईट वाटलं. पण मुराळी पाठवायला घरात माणूसच नव्हता. तुमचे दादा तिकडं बॉर्डरवर, आणि गुंडाकाकांचा गुडघा धरलेला. न्यायला कुणी आल्याशिवाय लेकीनं पहिल्या सणाला यायचं नसतं, हे तुमच्या आईच सांगतात, मग मी तरी काय करणार. शेजारच्या पोरींनी चिंचेला झोका बांधला होता. समी काही त्यावर बसली नाही.

आता कामाचं. समीच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. दहा नोव्हेंबर, पुण्यात. मांडीतला स्नायू काढून गालात बसवणार आहेत. जन्मापासून ज्या नसा चालत नाहीत त्या काही चालू होणार नाहीत, पण ओठांचे कोपरे वर जातील, असं डॉक्टर म्हणाले. माझी मुलगी सात वर्षांची झाली आणि मी तिला एकदाही हसताना बघितलेलं नाही. नोव्हेंबरनंतर बघेन. तुमचं मत मला माहीत आहे. फेब्रुवारीत तिच्या वाढदिवसाला सगळ्या बायकांसमोर तुम्ही म्हणाला होता, "वहिनी, समी हसती. तुम्हाला दिसत नाही त्याला ती काय करणार?" ते परत लिहू नका. मी विसरलेले नाही.

ऑपरेशनच्या आधी मिरजेला एका मुलांच्या डॉक्टरबाईंकडं जायचंय. मनाच्या डॉक्टर आहेत. त्यांनी फॉर्म दिलाय. "मूल आनंदात आहे हे तुम्ही कशावरून ओळखता?" असा प्रश्न. तसंच राग, भीती, दुःख. चार रकाने. पंधरा दिवस झाले, फॉर्म फ्रिजला चिकटवलाय. नाव, वय, वजन, लसी, सगळं भरून झालं. ते चार रकाने कोरे आहेत. तुमच्या आई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "क्रांतीला इचार की. तिला कळतंय सगळं." त्या सहज बोलल्या. मला ते सहज वाटलं नाही.

म्हणून विचारते. चार ओळी लिहून पाठवा. जास्त काही नको.

तुमची वहिनी,
रेश्मा


२४ ऑगस्ट

क्रांतीवन्सं,

चार ओळी मागितल्या म्हणून चारच पाठवल्यात. वर मायना नाही, खाली सही नाही. तुमच्याच ओळी तुम्हाला परत लिहून दाखवते, म्हणजे त्या वाचताना मला कसं झालं असेल ते कळेल.

आनंद – डाव्या पायाचा अंगठा वर उचलते.
राग – बोलायची थांबते, जोरात नाकानं श्वास घेते.
भीती – माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरते.
दुःख – लय गोड बोलते, सगळ्यांना हो म्हणते.

माझ्या ओढणीचं. ओढणीचं टोक असं लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण नाही, माझ्या.

फॉर्म मी माझ्या अक्षरात भरला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "वा, फार बारकाईनं बघता तुम्ही मुलीकडं." मी थँक्यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

पण त्या दिवसापासून मी तो अंगठा बघत बसले. तिला आवडतो म्हणून शिरा केला. नवीन रंगपेटी आणली. शाळेतून आल्या आल्या बूट-मोजे काढायला लावले आणि समोर बसले. तेरा दिवस. अंगठा जमिनीवरून हलला नाही. म्हणजे तेरा दिवसांत माझ्यासमोर तिला एकदाही आनंद झाला नाही, असंच ना? की तुम्ही मुद्दाम चुकीचं लिहून पाठवलंय? असाही विचार आला मनात. खोटं कशाला सांगू.

मिरजेची हकिकत सांगते. बाईंनी तिला माणसांचे फोटो दाखवले. हसणारी बाई, चिडलेला माणूस, घाबरलेला मुलगा. या माणसाला काय वाटतंय ते सांग म्हणाल्या. समीनं हसणाऱ्या बाईचा फोटो उलटासुलटा केला आणि म्हणाली, "दात दाखवतीय." बाई म्हणाल्या, "हो, पण तिला काय वाटतंय?" तर म्हणते, "मला काय माहीत? पाय कुठायत हिचे?" बाई खूप हसल्या आणि काहीतरी लिहून घेतलं. मला लाज वाटली. अशा काही मुलांना दुसऱ्याचे चेहरे वाचायला वेळ लागतो, काहींना मुळीच लागत नाही, असं त्या म्हणाल्या. खरी अडचण समोरच्यांची होते. तोंड हलत नाही म्हणून लोक अशा मुलाशी कमी बोलतात, कमी हसतात, आणि मग मूल आपला आपला मार्ग काढतं. बोलताना त्या माझ्याकडं बघत होत्या. बघायचं काही कारण नव्हतं.

मग माझी परीक्षा घेतली. घरचे व्हिडिओ आणायला सांगितले होते, ते मी पेनड्राइव्हवर नेले होते. त्यातला एक त्यांनी आवाज बंद करून लावला. तुमच्या हळदीचा होता. मांडवात समी दोन्ही पाय आपटतेय, हात वर करतेय, गोल फिरतेय. "काय वाटतंय तिला?" मी म्हटलं, खुशीत आहे, नाचतेय, घरात लग्न होतं ना. बाईंनी आवाज लावला. समी "आत्या जाऊ नको, आत्या जाऊ नको" करून ओरडत होती. मागं हलगीचा आवाज. तो व्हिडिओ मीच काढलेला आहे, वन्सं. चार फुटांवरून. स्टेटसला पण ठेवला होता.

आणखी एक. तिथल्या बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, घरात तुम्हाला काय हाक मारते? म्हटलं, मम्मी शिकवलं होतं, 'नन्नी' म्हणते. त्या म्हणाल्या, "अहो, ओठ मिटत नाहीत तिचे. म आणि प तिला कसे जमणार? आई शिकवायचं होतं. आई, आत्या, आजी, हे तिला सोपं जातं." सहा वर्षं मी तुमच्यावर का जळत होते माहीत आहे? तिचा पहिला शब्द 'आत्या' होता. स्वच्छ, लख्ख. मला नन्नी. घरात आई म्हणजे तुमच्या आई, आणि गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या मम्म्या, म्हणून मी मम्मी झाले. आता ती मला आई म्हणते. तुमच्या आईंना आजी. त्या म्हणाल्या, "म्हणू दे की. माझं काय जातंय."

तुमची ती पिवळी ओढणी सापडत नाही. लग्नाच्या गडबडीत कुठं गेली काय माहीत. दुसरी पाठवायची गरज नाही.

रेश्मा


१४ सप्टेंबर

क्रांतीवन्सं,

हे पत्र लिहायचं नव्हतं. पण गणपती गेल्यापासून एक गोष्ट पोटात राहिलीय आणि इथं ती कुणाला सांगता येत नाही.

मोबाईलवर एक ॲप मिळतं. फोटोतल्या माणसाला हसवतं. बटण दाबलं की ओठ ताणतात, गाल वर येतात, डोळेसुद्धा बारीक होतात. जूनपासून मी समीचे फोटो असे हसवून तुमच्या दादांना पाठवत होते. पहिल्यांदा पाठवला तेव्हा सांगितलं होतं की हे ॲपचं आहे. ते म्हणाले, "असू दे गं, लय गोड दिसतीय. अजून पाठव." मग पाठवत गेले. त्यांनी ते युनिटमधल्या सगळ्यांना दाखवले. व्हिडिओ कॉलवर समी समोर असली की ते थोडंच बोलतात, पण फोटो पाठवला की तिकडून दहा मेसेज येतात. गणपतीला मी त्यातलाच एक मोठा करून आणला, फ्रेम केला आणि पुढच्या खोलीत लावला. गौरीच्या हळदीकुंकवाला आलेली चंद्राबाई म्हणाली, "सुधारली की गं पोरगी." मी तिला हळदीकुंकू लावलं. मलाही त्या फोटोकडं बघून बरं वाटायचं. सकाळचा चहा मी त्याच्यासमोर बसून प्यायची.

त्याच आठवड्यात समी बोलायची थांबली. जोरात नाकानं श्वास. तुमची दुसरी ओळ. मला वाटलं सर्दी झालीय, म्हणून वाफ दिली.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो भिंतीवर नव्हता. मागं परसात गेले. तुमच्या आईंनी बंब पेटवून ठेवला होता आणि त्या दुधाला गेल्या होत्या. बंबाच्या तोंडातून फ्रेमचा कोपरा बाहेर आलेला, आत कागद जळत होता. समी शेजारी उभी.

मी हात उगारला. पोळली असती, काहीही झालं असतं. आणि मग ती कशी उभी होती ते मला दिसलं. दोन्ही हात मागं बांधलेले. हनुवटी वर. पळून जायचा विचार नाही, भ्यायचं नाव नाही. उजव्या पायानं खालची चिपाडं हळूहळू बंबाकडं सारत होती, अजून जळू दे म्हणून. चेहरा रोजच्यासारखाच. पण मला त्या वेळी फॉर्म लागला नाही, तुमच्या ओळी लागल्या नाहीत. तिला काय होतंय ते मला कळलं. सात वर्षांत पहिल्यांदा, कुणाला न विचारता.

कसं कळलं ते सांगते. कारण तिथंच, तशीच, हात मागं बांधून मी उभी राहिले होते. तुमच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी. तुमची ओढणी हरवलेली नाही, वन्सं. तुम्ही गेल्यावर समी ती मुठीत घेऊन झोपायची. मी कुशीत घेतलं की ओढणी आमच्या दोघींच्या मधे घ्यायची. तीन दिवस सोसलं. चौथ्या दिवशी ओढणी बंबात घातली, राख होईपर्यंत हलले नाही, आणि त्याच पाण्यानं तिला आंघोळ घातली. दिवसभर ती ओढणी शोधत होती. मीही तिच्याबरोबर शोधल्याचं नाटक केलं.

उगारलेला हात खाली आला. खाली बसले आणि विचारलं, फोटो का जाळलास? तिचे शब्द मी नीट करून लिहिते.

"पप्पांना ती आवडते."

"ती कोण?"

"फोटोतली. तुला पण आवडते. तू तिच्यासमोर चहा पितीस. माझ्यासमोर मोबाईल बघतीस."

मी तिच्या फ्रॉकवरची राख झटकली. मग म्हणाली, "ऑपरेशनला मला नेणार आणि तिला घरी आणणार. मग मी कुठं जाऊ? आत्याकडं जाऊ?"

माझ्या पोरीला वाटतंय की आम्ही तिला बदलून आणणार आहोत. आणि अशा वेळीसुद्धा, "आत्याकडं" ऐकून माझ्या पोटात दुखलं. तेही लिहून टाकते. लपवून आता काय मिळणार?

मिरजेच्या फॉर्मवर मत्सराचा रकाना नव्हता. असता तर तो मी एकटीनं भरला असता.

रेश्मा


५ ऑक्टोबर

क्रांतीवन्सं,

तुमचं पत्र मिळालं. ओढणीबद्दल एक अक्षर नाही. एवढंच, "ऑपरेशनचं तिला विचारलं का?" वाचून राग आला, कारण विचारलं नव्हतं.

मग विचारलं. मिरजेच्या बाईंसमोर बसून, चित्रं काढून सांगितलं. समी म्हणजे समीच राहील, फक्त गाल ओढता येतील. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "करूया की. तुला पाहिजे ना? मग माझं हो." तुमची चौथी ओळ. बाईंना ती लक्षात होती, मी माझ्या अक्षरात लिहिलेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. या वेळी बघायला कारण होतं.

पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, घाई नाही, मोठी झाल्यावरही करता येतं, तिला स्वतःला हवं असेल तेव्हा या. दहा नोव्हेंबर रद्द केला. तुमच्या दादांना तेही सांगितलं आणि जळलेल्या फोटोचंही. ते म्हणाले, "तसले हसवलेले फोटो आता मला पाठवू नकोस. पोरीला दे फोन." तासभर बोलले तिच्याशी. कॅमेरा बंद करून, नुसता आवाज. फोन ठेवल्यावर समी म्हणाली, "पप्पांचा आवाज आज हसत होता." मी तो अंगठा बघायला विसरले. कधी नव्हे ते विसरले.

आता उरलेलं सांगते. पंचमीला गुंडाकाकांचा गुडघा ठणठणीत होता. पिशवी भरून, नवी टोपी घालून ते दारात उभे होते. मी त्यांना सांगितलं की क्रांतीचा निरोप आलाय, ती येत नाही, घरी पाहुणे आहेत. आईंनाही तेच सांगितलं. तुम्ही तिकडं वाट बघत बसला असाल, आणि इथं आई मनात धरून बसल्या की लेक सासरी रमली, विसरली. दोन्हीकडं मीच होते. आणि माझ्या मावसभावाचं, लोणंदचं स्थळ आपणहून आलं नव्हतं, मी आणलं होतं. वाढदिवसाला तुम्ही ते बोलला आणि पंधरा दिवसांत मी मावशीला फोन केला. नर्सिंगचं दुसरं वर्ष संपेपर्यंत थांबू म्हणून तुम्ही सांगत होता, तेव्हा असं घर परत मिळायचं नाही असं आईंच्या कानाला लागून लागून मी त्यांना तयार केलं. जयराज भला माणूस निघाला, हे तुमचं नशीब. माझं त्यात काही पुण्य नाही. मला तुम्ही घरातून जायला पाहिजे होता, बास.

बुधवारी हे सगळं आईंना सांगितलं. त्या ताटावरून उठल्या, हात धुतले आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. काल सकाळी म्हणाल्या, "तू घालवलीस, तूच आणायची. दिवाळीला मुराळी गेला पायजे."

गुंडाकाका म्हणाले, आता मी न्हाई जात, एकदा टोपी घालून परत काढलीय. मग समी म्हणाली, "मी जाते मुराळी." काका म्हणाले, "पोरगी कुठं मुराळी असती व्हय?" तर आई म्हणाल्या, "आता असंल."

हे ठरलं तेव्हा मी भाकरी थापत होते आणि समी उंबऱ्यावर बसून शेंगा खात होती. मी सहज खाली बघितलं. डाव्या पायाचा अंगठा. सरळ वर. आणि नुसता वर नाही, हलत होता. बाकी बोटं जमिनीला आणि तो एकटा उभा. दोन महिने मी ज्याची वाट बघितली तो हाच. तुम्ही खोटं लिहिलं नव्हतं.

माझ्यासाठी नव्हता तो. तुमच्यासाठी होता. माझी भाकरी परातीत फाटली. गोळा मोडला, परत मळला.

समी शेंगा टाकून माझ्याजवळ आली. तोंडाकडं बघितलंच नाही. खाली वाकून माझे पाय बघितले आणि म्हणाली, "आई, तुझा अंगठा खाली दाबलाय. तुला आत्या नको?"

मी म्हटलं, नको असं नाही गं.

"मग तू पण चल. आत्याला बघितलं की वर येईल."

"नाही येणार बाळा."

तिनं थोडा विचार केला. "मग खालीच असू दे," म्हणाली. "मला कळतंय ना."

वन्सं, सात वर्षं मी तिचा चेहरा बघत बसले आणि ती माझे पाय. तिला केव्हापासून कळत होतं कुणास ठाऊक. ओढणी शोधायचं नाटक करत होते तेव्हाही माझे पाय तिच्यासमोरच होते. हे डोक्यात आल्यापासून भाकरीची चव लागत नाही.

सोळा तारखेला, गुरुवारी, कराडहून रेल्वेनं निघतो. दुपारपर्यंत लोणंदला पोचू. स्टेशनवर यायची गरज नाही, घर मला माहीत आहे. समीच्या पापण्या नीट मिटत नाहीत म्हणून डोळ्यांत घालायचे थेंब मी घेतलेत, तुम्ही शोधत बसू नका. मुराळ्याचा मान नीट करा, पोरगी आहे म्हणून कमी करू नका. पाट टाका, गोडाचं करा, आणि घरात घ्यायच्या आधी पायावर गरम पाणी घाला. तिला बघायला तुम्हाला मी शिकवायची गरज नाही.

तिच्या मागं मी उभी असेन. मी हसत असेन, चांगलं तोंडभर, मला ते जमतं. त्याकडं बघू नका. माझ्याही पायावर पाणी घाला, आणि काय दिसतंय ते तुमच्या तोंडानं मला सांगा.

समीची आई